यीस्ट मोजणारा कपॅसिटन्स प्रोब: काही महिन्यांच्या वापरानंतर

यीस्ट मोजायचं म्हटलं की हिमोसायटोमीटर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची चौकटीची काच) आणि मेलेल्या पेशी रंगवणारं मिथिलिन ब्लू बाहेर निघतं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता काही महिने फर्मेंटरमध्ये (किण्वनाच्या टाकीत) कपॅसिटन्स प्रोब, म्हणजे पेशींत साठणारा विद्युतभार मोजणारी दांडी, बसवलेला आहे आणि माझं मत पक्कं झालंय: जिवंत पेशी किती, हे त्याला खुशाल विचारा, त्या पेशींत दम किती, हे मात्र विचारू नका.

तत्त्व जुनंच. जीवभौतिकशास्त्रज्ञ ह्यूगो फ्रिके यांनी १९२५ मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींची धारिता (कपॅसिटन्स) मोजून त्यांच्या आवरणाची जाडी ३.३ नॅनोमीटरच्या आसपास काढली होती. आवरण शाबूत असेल तर विद्युतक्षेत्रात आयन त्याच्यापाशी अडतात, भार साठतो आणि पेशी इवल्याशा कपॅसिटरसारखी (भार साठवणाऱ्या घटकासारखी) वागते. आवरण फाटलं की आयन आरपार जातात आणि ती पेशी मोजणीतून आपोआप गळते. क्षेत्राची दिशा उलटसुलट होण्याची वारंवारता खूप वाढवली तर भार साठायला वेळच उरत नाही. म्हणून एक रीडिंग १ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, दुसरं १० मेगाहर्ट्‌झच्या वर; दोन्हींतला फरक हा जिवंत पेशींचा वाटा.

विश्वास बसत नसेल तर एकाच स्लरीचे (यीस्टच्या दाट द्रवाचे) दोन भाग करा आणि एक ७० अंशांवर तापवून गार करा. गढूळपणा दोन्हींचा जवळपास सारखाच, पण तापवलेल्या भागात प्रोबचा आकडा पार तळाला गेलेला दिसतो. टीममध्ये कुणी नवीन आलं की मी आधी हेच करून दाखवते.

सांभाळायचं म्हणाल तर बुडबुडे. किण्वन जोरात असताना इलेक्ट्रोडसमोर वायू साचला की आकडा नाचतो, तेव्हा प्रोब जरा तिरका, वायू निसटेल असा बसवावा. प्रोबचं शून्य (मोजणीचा आरंभबिंदू) घ्यायचं ते यीस्ट टाकण्याआधी, त्याच द्रवात, त्याच तापमानाला. यात आळस चालत नाही.

सर्वांत जास्त विचार करायला लावला तो पेशीच्या आकाराने. हा प्रोब पेशी एकेक करून मोजत नाही. संख्या तीच ठेवली तर सिग्नल त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे पेशी फक्त १० टक्के रुंद झाली तरी सिग्नल जवळपास ४६ टक्क्यांनी वर. वाढीच्या टप्प्यानुसार आणि स्ट्रेननुसार (यीस्टच्या वाणानुसार) आकार बदलतोच. त्यामुळे प्रत्येक स्ट्रेनचं कॅलिब्रेशन वेगळं करायला हवं आणि आकड्याकडे संख्येपेक्षा जिवंत घनफळ म्हणून पाहायला हवं. माझ्या मते हेच माप जास्त कामाचं आहे.

आता दम. बरेच दिवस थंडीत ठेवलेल्या स्लरीचं आवरण धड असतं, प्रोब छान आकडा दाखवतो, पण ग्लायकोजेन (पेशीतला साठवलेला ऊर्जेचा साठा) संपत आलेलं असतं आणि किण्वन सुरू व्हायला रेंगाळतं. इथे साध्या पीएच इलेक्ट्रोडची आम्लीकरण चाचणी मला फार आवडते: धुतलेलं यीस्ट १० मिनिटं डिस्टिल्ड पाण्यात, मग ग्लुकोज घालून आणखी १० मिनिटं. तरतरीत यीस्ट प्रोटॉन बाहेर फेकतं आणि पीएच डोळ्यांदेखत उतरत जातो. थकलेल्या यीस्टचा जेमतेम हलतो. याहून नेमकं हवं तर मेनाडिओन आणि फेरिसायनाइड ही दोन रसायनं वापरून केलेली अँपेरोमेट्री, म्हणजे इलेक्ट्रोडवरचा करंट मोजणं. मेनाडिओन पेशीत शिरून तिचे इलेक्ट्रॉन उचलतो आणि फेरिसायनाइडला देतो. त्यातून झालेलं फेरोसायनाइड इलेक्ट्रोडवर पुन्हा ऑक्सिडाइझ होतं, तोच आपला करंट. हा करंट मी प्रोबच्या आकड्याने भागते. मग स्लरी पातळ की दाट हा प्रश्नच उरत नाही, जिवंत घनफळामागे चयापचय किती हेच समोर येतं. दोन्ही उपकरणं शेजारी ठेवण्याचा खरा फायदा मला इथे मिळाला.

सूक्ष्मदर्शक मात्र कपाटात टाकू नका. स्लरीत थोडे जिवाणू शिरले तर त्यांच्या बारीक आकारामुळे प्रोबचा आकडा हलतही नाही, आणि जंगली यीस्ट तर त्याला आपल्याच यीस्टसारखं दिसतं.