जेरी राइसची ८० नंबरची जर्सी: घ्याल तर १९९४ ची

जर्सीला पाचपैकी चार चांदण्या, विकणाऱ्याला दोन.

राइस म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला, फेकलेला चेंडू झेलून पळणारा खेळाडू, सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स संघाचा. त्याच्या नावाच्या लाल जर्सी ढिगानं मिळतात. त्यातली आकड्यांना काळी सावली आणि बाह्यांवर तीन पांढरे पट्टे असलेली शोधा. १९९४ साली एनएफएलची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगची, पंचाहत्तरी होती, म्हणून संघांनी काही सामन्यांसाठी जुने पोशाख काढले. फोर्टीनायनर्सनी १९५५ चा काढला, आणि जिंकत गेले तसा अंगावरच ठेवला. २९ जानेवारी १९९५ ला मायामीच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातही, राइसच्या अंगात हीच होती. तिसऱ्याच खेळीत ४४ यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपार! मग खांदा दुखावला, बाहेर गेला, परत आला आणि एकूण तीन टचडाउन करून मोकळा झाला. समोरचा सॅन डिएगोचा संघ ४९-२६ नं हरला.

कापड जाड जाळीचं. आकडे छापील नाहीत, कापून शिवलेत. उलटी करून टाके तपासले, कुठे दोरा लोंबत नाही. नवऱ्याच्या स्वस्तातल्या जर्सीवरचा छापील आकडा ड्रायरमध्ये भेगाळलाय. ही मी गार पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घालते. (सोसायटीला बाल्कनीतली दोरी खपत नाही, तो वेगळा विषय.)

राइसच का, असं मुलगा विचारतो. त्याला हल्लीचे खेळाडू हवेत. राइस मिसिसिपीतल्या क्रॉफर्डचा, वडील गवंडी. भाऊ विटा फेकायचे, हा झेलायचा. मिसिसिपी व्हॅली स्टेट हे कॉलेजही आडबाजूचं. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, पंधरा जण निवडून झाल्यावर ह्याचं नाव आलं. तो काही सगळ्यांत वेगवान नव्हता. पण खो-खोतला मुरलेला गडी पाठलाग करणाऱ्याला अगदी अंगाशी येऊ देतो आणि मग हुलकावणी देतो, तशी ह्याची वळणं. शिवाय दम! कॅलिफोर्नियात सॅन कार्लोसजवळ एजवुड पार्कचा चढ तो पळत चढायचा. मी तिथे वसंतात रानफुलं बघायला जाते, तर नुसतं चालताना धाप लागते. वीस हंगाम, १,५४९ झेल, त्यांवर २२,८९५ यार्डांची मजल. यार्डांत दुसरा असलेला लॅरी फिट्झगेराल्ड पाच हजारांहून जास्त मागे राहिला. हातमोज्यांना चिकट फवारा मारायचो, हे राइसनं पुढे स्वतःच कबूल केलं. ते मला आवडलं नाही. पण झेल घेतल्यावर चार जणांना चुकवून पळायला फवारा कामाचा नाही.

एक चांदणी मापाची कापली. खांद्यांवरच्या पॅडच्या हिशोबानं बेतलीये, त्यामुळे माझं नेहमीचं मीडियम गुडघ्यांकडे निघालं. एक माप लहानच मागवा.

विकणाऱ्याचं म्हणाल, तर फोटोत पंचाहत्तरीचा बिल्ला होता, पार्सलमधल्या जर्सीवर नव्हता. बदलून दिली, पण परत पाठवायचा खर्च माझ्या माथी मारला. तो कोण भरणार, हे लेखी विचारून मगच पैसे द्या.