क्लोनाझेपाम की एस्सिटॅलोप्राम? चिंतेवरची गोळी ठरवण्यापूर्वी

चिंतेवरची गोळी ठरवताना पहिला प्रश्न वेळेचा असावा. ती किती वेळात लागू होते, किती तास टिकते आणि बंद करायला किती आठवडे लागतात? बहुतेकजण पहिला भाग विचारतात आणि तिसरा विसरतात. त्रास मात्र तिसऱ्यातूनच सुरू होतो.

अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम आणि डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन या एकाच कुळातली औषधे. मेंदूत गाबा नावाचे रसायन मज्जापेशींना शांत ठेवते. ही गोळी गाबाच्या ग्राहीवर, म्हणजे गाबा पेशीवर जिथे चिकटते त्या जागेवर, शेजारी जाऊन बसते आणि पेशीत क्लोराइड शिरण्याचे दार अधिक वेळा उघडू लागते. पेशी सहज पेटत नाही. म्हणूनच अर्ध्या-एक तासात धडधड बसते, हातापायांतला ताण सुटतो.

रक्तातले औषध निम्म्यावर यायला अल्प्राझोलामला साधारण 11 तास लागतात, क्लोनाझेपामला 30 ते 40. अल्प्राझोलाम झटकन चढते आणि उतरताना चिंता परत डोके वर काढते. माणसाला वाटते आजार बळावला, आणि तो पुढची गोळी लवकर घेतो. सवय लागण्याची वाट हीच. क्लोनाझेपाम सावकाश उतरते म्हणून हे हेलकावे कमी, पण सुस्ती दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. रात्री गोळी घेऊन सकाळी डिचोलीहून पणजीला स्कूटरने कामावर जाणाऱ्याने पहिले काही दिवस बस धरावी. यकृत बिघडलेले असेल तर डॉक्टर बहुधा लोराझेपाम निवडतात, कारण ते शरीराबाहेर काढायला यकृताला तुलनेने कमी खटपट पडते.

मिलीग्रॅमच्या आकड्याने फसू नका. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामचे 0.5 मिलीग्रॅम हे ढोबळमानाने डायझेपामच्या 10 मिलीग्रॅमइतके भरतात. ‘अर्धीच तर आहे’ म्हणून शेजाऱ्याला दिलेली गोळी लहान नसते.

दुष्परिणामांत झोप, तोल जाणे आणि नवीन गोष्ट लक्षात न राहणे हे मुख्य. साठी-सत्तरीच्या माणसांना रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. घोरताना श्वास अडकणाऱ्यांनी आणि जुना दमा किंवा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी ते आधीच सांगावे. आणि दारू. फेणी काय, उन्हाळ्यातला हुर्राक काय, दारूही याच गाबाच्या वाटेने मेंदू मंद करते. दोन्ही एकत्र आले की परिणाम नुसता जोडला जात नाही, श्वासच मंदावतो. ‘गोळी रात्री घेतो, पेग संध्याकाळी’ हा हिशेब चुकीचा, कारण क्लोनाझेपाम दिवसभर रक्तात असतेच. ट्रामाडॉल ही वेदनेवरची गोळी किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध सोबत घेणेही तितकेच घातक.

एस्सिटॅलोप्रामची चाल उलटी. ते सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन पेशींमध्ये परत शोषले जाण्यापासून रोखते, आणि मेंदूला त्या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. सुरुवात बहुधा 5 मिलीग्रॅमने, मग 10. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, क्वचित आधीपेक्षा जास्त बेचैनी. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात फरक जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला सहा ते आठ आठवडे. बरेचजण गोळी सोडतात ते याच पहिल्या पंधरवड्यात, गुण येण्याच्या तोंडावर. नाश्त्यानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. लैंगिक इच्छा मंदावणे मात्र टिकून राहू शकते. संकोच न करता सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते. वृद्धांमध्ये रक्तातले सोडियम घसरून गोंधळल्यासारखे होऊ शकते, त्यासाठी साधी रक्ततपासणी पुरते. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढतात का, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

चिंता महिनोन्‌महिने रोजची असेल तर पाया एस्सिटॅलोप्रामचा असावा आणि क्लोनाझेपाम फक्त पहिल्या दोन ते चार आठवड्यांचा आधार, असे आमचे स्पष्ट मत आहे. अडचण अशी की आपल्याकडे दोन्ही एकाच गोळीत मिळतात. पाकिटावर एकच नाव ठळक असते. महिन्याभरात काढून टाकायचे औषध वर्षभर चालवायच्या औषधाला चिकटून राहते, आणि बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद केली की दोन्ही एकदम सुटतात. फार्मसीतच पाकीट उलटे करून घटक वाचा. दोन नावे दिसली तर वेगवेगळ्या गोळ्या मागा, म्हणजे एक कमी करताना दुसरी चालू ठेवता येते. एटिझोलाम आणि प्रोप्रानोलॉलच्या जोडगोळीचेही हेच. एटिझोलाम बेन्झोडायझेपिनसारखेच वागते.

बाकीची थोडक्यात. प्रोप्रानोलॉल मनातली भीती घालवत नाही, हाताची थरथर आणि धडधड थांबवते. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत रंगमंचावर जाण्यापुरते ते उपयोगी, पण दमा असेल तर वर्ज्य, आणि मधुमेहात साखर उतरल्याची धडधड झाकून टाकते. बस्पिरोनची सवय लागत नाही, पण ते रोज दोन-तीनदा नेमाने घ्यावे लागते. हायड्रॉक्सिझीन अॅलर्जीवरच्या औषधांच्या कुळातले. झोप येते, तोंड कोरडे पडते. झोलपिडेम फक्त झोपेसाठी, घेतल्यावर लगेच अंथरुणावर. काहीजण त्याच्या अमलात झोपेतच चालतात, गाडीही काढतात.

बेन्झोडायझेपिन रोज महिनाभर घेतले असेल तर एकदम थांबवू नका, फिट येऊ शकते. दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कपात, शेवटचा टप्पा सर्वात सावकाश, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबा. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोलपिडेम एच-1 अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीत आहेत: फार्मसीवाला नोंदवहीत तुमचे आणि डॉक्टरांचे नाव लिहितो, चिठ्ठीशिवाय देत नाही. पुढची चिठ्ठी घ्यायला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी जा. बोलण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

गोळी घेतलेला माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास संथ किंवा ओठ निळे दिसत असतील तर 108 ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा, उलटी काढायचा प्रयत्न करू नका. गोळ्यांची रिकामी पाकिटे रुग्णवाहिकेसोबत द्या, आणि दारू घेतली असेल तर तेही सांगा.