सांगशाकच्या नावाने विकलेला पेला

गेल्या हिवाळ्यात मी ४२,००० येन मोजून साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, पिण्याचा एक जुना जपानी सैनिकी पेला विकत घेतला. जाणकारांच्या मते त्याची खरी किंमत तीन हजारांच्या वर जात नाही. पैसे बुडाल्याचे दुःख आहेच, परंतु लिहायला बसलो तो फसवणूक ज्या रीतीने झाली त्यासाठी. पेला खोटा नव्हता. त्याच्यावर चढवलेली गोष्ट खोटी होती, आणि ती गोष्ट मीच विक्रेत्याच्या हाती दिली होती.

हे पेले म्हणजे सैन्याने जवानांना दिलेली बक्षिसे, असा अनेकांचा समज असतो; तो बहुतांशी चुकीचा आहे. जपानमध्ये १८७३ साली सक्तीची लष्करभरती सुरू झाली. पुढे, विशेषतः १८९४-९५च्या चीनविरुद्धच्या आणि १९०४-०५च्या रशियाविरुद्धच्या युद्धानंतर, अशी रीत पडली की मुदत संपवून गावी परतणारा जवान स्वखर्चाने असे पेले करवून घेई आणि भरतीच्या वेळी ज्या नातेवाइकांनी व शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याला निरोप देताना पैसे किंवा भेटी दिल्या होत्या, त्यांना ते परतीचा आहेर म्हणून वाटी. पेला उथळ, बशीसारखा आणि तळहातावर मावणारा असतो. त्याला साकाझुकी म्हणतात. बहुतेक पेले चिनी मातीचे, काही लाख चढवलेल्या लाकडाचे. आतल्या बाजूला लष्कराचा तारा किंवा नौदलाचा नांगर, चेरीची फुले, ध्वज, रेजिमेंटचा क्रमांक आणि 'मान्की किनेन' म्हणजे मुदतपूर्तीची आठवण, अथवा 'गाइसेन किनेन' म्हणजे विजयी पुनरागमनाची आठवण, असा मजकूर असतो. जवानाचे आडनाव पुष्कळदा बुडाशी सापडते.

मी टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो आणि सहा-सात वर्षांपासून हे पेले जमवतो. माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये शिपाई होते. मार्च १९४४मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे ही बटालियन पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत होती, आणि तिच्यावर चालून आलेल्या फौजेत जपानची ५८वी पायदळ रेजिमेंट होती. त्या रेजिमेंटचे ठाणे निईगाता प्रांतातील ताकादा येथे होते. ते गाव आता जोएत्सु शहरात सामावले आहे. आजोबा त्या दिवसांबद्दल फारसे बोलत नसत. पाणी संपले होते, एवढेच सांगत. त्यामुळे ५८व्या रेजिमेंटचा एखादा पेला आपल्या कपाटात असावा, ही माझी जुनी इच्छा होती, आणि ती मी मनात ठेवली नाही, ही माझी पहिली चूक.

एका ऑनलाइन लिलावात विक्रेत्याला प्रश्न विचारताना मी सहज लिहून गेलो, की ५८व्या रेजिमेंटचे काही आढळल्यास कळवावे, माझे आजोबा सांगशाकला त्यांच्यासमोर होते. तीन आठवड्यांनी उत्तर आले. जोएत्सुमधील एका जुन्या घराची आवराआवर करताना पेला मिळाला आहे, त्यावर इम्फाळ मोहिमेचे (सांगशाकची लढाई तिचाच भाग) नाव व शोवा १९, म्हणजे १९४४, असे वर्ष आहे, लिलावात टाकला तर किंमत लाखावर जाईल, पण तुमच्या आजोबांचा मान राखून थेट तुम्हालाच देतो, असे त्याने अत्यंत नम्र भाषेत कळवले. शेवटी 'नो क्लेम, नो रिटर्न' ही जपानी लिलावांत नेहमी आढळणारी ओळही होती. मी त्याच संध्याकाळी बँकेतून पैसे पाठवले. लिलावाबाहेर व्यवहार केल्यामुळे त्या संकेतस्थळाचे जे काही संरक्षण मिळाले असते, तेही मी आपल्या हाताने सोडून दिले.

पेला आला तो लाकडी पेटीतून, आणि पेटीच्या झाकणावर शाईने सुंदर अक्षरांत रेजिमेंटचे नाव होते. दोन महिने मी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. मग एका रविवारी यूराकुचोला भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, थोडीशी फुशारकी मारायची म्हणून, एका वृद्ध व्यापाऱ्याला तो दाखवला. त्यांनी दहापट भिंग लावले, पेला उलटा केला, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि 'आतो-ए' एवढाच शब्द उच्चारला. जुन्या भांड्यावर मागाहून रंगवलेल्या चित्राला किंवा मजकुराला त्या धंद्यात हा शब्द आहे. मग त्यांनी भिंग माझ्या हाती दिले.

पेल्याच्या आतल्या चकाकीवर वर्षानुवर्षांच्या वापराने पडलेले बारीक ओरखडे होते. रेजिमेंटच्या नावाचे सोने त्या ओरखड्यांनी तुटले होते. ओरखडा सोन्यावरून गेला होता. इम्फाळच्या ओळीत मात्र उलट होते: ओरखडा सोन्याच्या खाली शिरत होता आणि सोने त्या खाचेत उतरून बसले होते. म्हणजे आधी पेला वापरला गेला, झिजला, आणि नंतर त्यावर ती ओळ आली. बुडाच्या कडेवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके होते, ज्यांना मी वयाची खूण समजत होतो. जुन्या भांड्यात मुरलेला मळ ते पुन्हा भट्टीत घातल्यावर जळतो आणि असे ठिपके उमटतात, हे मला तेव्हा कळले.

मग अक्षरेही बोलू लागली. मूळ मजकुरात 'रेंताई' म्हणजे रेजिमेंट हा शब्द युद्धापूर्वीच्या वळणाचा होता, ज्याच्या पहिल्या अक्षराच्या डाव्या अंगाला 'कान' हे चिन्ह असते. इम्फाळच्या ओळीतील युद्धवाचक अक्षर मात्र डोक्यावर तीन छोटे तुरे असलेले, १९४९च्या सरकारी यादीने रूढ केलेले सुटसुटीत रूप होते; जुन्या रूपात त्या जागी दोन चौकोनी तोंडे असतात. हाताने लिहिताना सुटसुटीत रूपे आधीही वापरली जात, म्हणून एवढ्यावरून निकाल देता येत नाही. परंतु ती ओळ आडवी आणि डावीकडून उजवीकडे लिहिलेली होती, आणि त्या काळी आडवा मजकूर सामान्यतः उजवीकडून डावीकडे लिहीत. पेटीबद्दल त्या वृद्धांनी फक्त 'आवासे-बाको' म्हटले, म्हणजे दुसऱ्याच वस्तूची पेटी याला जोडलेली.

खरे तर भिंगाची गरजच नव्हती, आणि हेच मला अधिक लागते. इम्फाळची मोहीम मार्च १९४४मध्ये सुरू झाली आणि जुलैत उपासमार, रोगराई व माघारीत संपली. तिथून कोण मुदत पुरी करून गावी परतणार होता आणि आहेर वाटणार होता? शिवाय जुलै १९४०मध्येच जपानी सरकारने चैनीच्या वस्तू बनवण्या-विकण्यावर निर्बंध घातले होते, आणि पुढच्या काळात साध्या कपबशांवरही भट्टीचे नियंत्रण क्रमांक येऊ लागले होते. हे सारे मला ठाऊक होते. तरीही पेला हातात येताच इतिहासाचे वाचन बाजूला पडले आणि आजोबा तेवढे समोर उभे राहिले. कामिकाझे, म्हणजे आत्मघाती वैमानिकांच्या, पथकांच्या 'आठवणीचे' पेले विकत घेणाऱ्यांना मी आधी हसत असे.

पैसे परत मिळवण्याचा प्रयत्न केला, पण हाती काही लागले नाही. विक्रेत्याचे खाते बंद झाले होते. जपानमध्ये जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. त्याने दिलेला परवाना क्रमांक मी आधी पडताळला नव्हता, आणि नंतर पाहिले तर तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. ग्राहकांसाठीच्या १८८ या क्रमांकावरील बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, की विक्रेत्याने दारावर येऊन केलेल्या विक्रीत सौदा रद्द करण्याची जी मुदत मिळते ती टपालाने केलेल्या खरेदीला लागू नाही. फसवणुकीची तक्रार पोलिसांकडे करता येईल. ती मी केली आहे. इतरांना एवढेच सांगेन, की आपण काय शोधतो आहोत हे विक्रेत्याला सांगू नये, आणि का शोधतो आहोत हे तर मुळीच सांगू नये.

पेला अजून माझ्याकडेच आहे. दिव्याखाली तिरपा धरला की बुडाशी, जिथे काहीच नाही असे वाटते तिथे, खरवडून काढलेल्या सोन्याची मंद सावली दिसते. आडनाव वाचता येत नाही, पण त्याच्या वरची 'ताइशो' ही दोन अक्षरे स्पष्ट आहेत. ताइशो कालखंड १९२६ साली संपला, आणि ५८वी रेजिमेंट तर १९२५च्या लष्करकपातीत एकदा बरखास्त होऊन नंतर पुन्हा उभी राहिली होती. म्हणजे हा पेला वाटणारा माणूस सांगशाकच्या किमान १८ वर्षे आधीच मुदत पुरी करून सुखरूप आपल्या गावी पोहोचला होता.