मोमेंटच्या गणितांसाठी लाकडी पट्टीचं किट

अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवत असाल, तर हे किट जरूर घ्या. मी शिकवणीसाठी साडेनऊशे रुपयांना घेतलं. मोमेंट म्हणजे बल गुणिले बिंदूपासूनचं त्याचं लंब अंतर; समतोलात दोन्ही दिशांचे मोमेंट सारखे असतात. आता ही समतोलाची गणितं मी फळ्यावर सुरू करतच नाही.

डब्यात लाकडी मीटरपट्टी, टेकू, स्लॉटेड वजनं, वजनं टांगायच्या पितळी कड्या आणि ५०० ग्रॅमपर्यंतचे दोन ताणकाटे (स्प्रिंगचे वजनकाटे) आहेत. पैसे वसूल होतात ते ताणकाट्यांमुळे.

पट्टीची दोन्ही टोकं दोऱ्यांनी एकेका ताणकाट्याला टांगायची. पट्टी १०० ग्रॅमची. २५ सेंमीच्या खुणेवर ४०० ग्रॅम अडकवायचे आणि काट्यांवरचे आकडे कागदाने झाकायचे. मुलं पटकन सांगतात की दोन्ही मिळून ५०० भरणार. पण कुठला किती? इथे सगळे थांबतात. मग मी डाव्या टोकावर बोट ठेवते आणि म्हणते, मोमेंट इथून घ्या. डाव्या दोऱ्याचं अंतर शून्य, म्हणजे तो ताण गणितातून गेलाच. पट्टीचं स्वतःचं वजन मध्यावर, ५० च्या खुणेवर धरायचं. उरलं ४०० गुणिले २५ अधिक १०० गुणिले ५०, बरोबर उजवा ताण गुणिले १००. उजवीकडे १५०, म्हणून डावीकडे ३५०. कागद काढला की काटे जवळपास तेच दाखवतात, आणि वर्गात जो आवाज होतो तो मला फार आवडतो! एका मुलीने विचारलं, "मॅडम, मधूनच मोमेंट घेतले तर?" घेतले. दोन ताणांतला फरक २०० आला, बेरीज ५०० होतीच, उत्तर तेच. बिंदू कुठलाही चालतो, पण जिथे नको असलेलं बल आहे तो निवडला की काम अर्धं होतं, हे तिला माझ्याकडून ऐकावं लागलं नाही.

पट्टी जराशी तिरकी झाली तर घाबरू नका. दोरे उभे असले की सगळी आडवी अंतरं एकाच प्रमाणात घटतात.

पट्टीचं वजनही वजनकाट्याशिवाय निघतं. टेकू ३० वर, १०० ग्रॅम १० वर, पट्टी आडवी राहिली. दोन्हीकडे अंतर २०, म्हणजे पट्टी १०० ग्रॅमची.

पितळी कड्या मात्र निराशा करतात. एकेक बारा ग्रॅमची, आणि सोबतच्या माहितीपत्रकात ते वजन धरलेलंच नाही. ५० ग्रॅम टांगताना एवढी चूक परवडत नाही. मी दोराच बांधते. ताणकाटेही दरवेळी शून्यावर आणावे लागतात.

भिंतीला टेकलेल्या शिडीची गणितं यावर होत नाहीत, कारण तिरकी बलं आणि घर्षण यांची सोयच नाही. फक्त त्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. वर्गासाठी दोन किट घ्या, एका पट्टीभोवती चारपेक्षा जास्त मुलांना नीट दिसत नाही.