रुरौनी केन्शिन: उलट्या धारेची तलवार

मी कोल्हापूरची. शिवाजी पेठेतल्या तालमीत काकांनी आठव्या वर्षी हातात लाठी दिली, मग बोथाटी, मग पट्टा. आता पुण्यात लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते, आणि लाठी हातात येते ती शिवजयंतीपुरती. हे सांगायचं कारण म्हणजे भाचीने ‘रुरौनी केन्शिन’ ही जपानी चित्रकथा माझ्या गळ्यात मारली तेव्हा मी निव्वळ खोड्या काढायला बसले होते. जपानी लोक तलवार कशी धरतात ते बघू, एवढाच हेतू. “मावशी, उजवीकडून डावीकडे वाच ना,” हे तिला दोनदा सांगावं लागलं. पण नंतर मांगाचे, म्हणजे मूळ चित्रकथेचे, २८ खंड संपले, तिच्यावरची १९९६ ची अ‍ॅनिमे (कार्टून) मालिका झाली, १९९९ चे वेगळे चार भागही झाले. विवरणपत्रांची शेवटची तारीख कशीबशी गाठली.

गोष्ट टोकियोत, १८७८ साली घडते. शोगुनशाही, म्हणजे लष्करी सरदारांची जुनी राजवट, जाऊन दहा वर्षं झालीत. केन्शिन हा लाल केसांचा, ठेंगणा, डाव्या गालावर फुलीसारखा व्रण असलेला माणूस. ती उलथवणाऱ्या क्रांतीच्या काळात नव्या राजवटीच्या बाजूने क्योतोत त्याने माणसं मारली होती. आता पुन्हा कुणाला मारायचं नाही असं ठरवून तो गावोगाव भटकतो. कमरेला तलवार आहे, पण तिची धार उलटी, कमानीच्या आतल्या बाजूला. वार केला की समोरच्याला बोथट पाठ लागते. (काका असते तर म्हणाले असते, लोखंड ते लोखंडच. अशा एका फटक्यात बरगड्या जातात. इथे लोक दोन पानांनी उठून बसतात.)

त्यात १८७६ च्या हुकमाने तलवार बाळगायलाच बंदी झालेली, म्हणून रस्त्यात पोलीस त्याच्या मागे लागतात. इथे मी जरा थांबले. आपल्याकडे इंग्रजांचा शस्त्र कायदा आला तोही या गोष्टीच्याच साली, १८७८ मध्ये, आणि काका त्याचं नाव कधी सरळ तोंडाने घेत नसत. आपलं हत्यार परक्याने काढून घेतलं. या लोकांचं मात्र त्यांनीच गादीवर बसवलेल्या सरकारने काढून घेतलं. ही मालिका मला धरून ठेवते ती या दुखण्यापायी. इथे बहुतेक खलनायक आकाशातून पडत नाहीत; क्रांतीने ज्यांना वापरून टाकून दिलं, ती ही माणसं आहेत.

सानोसुकेचंच बघा. पाठीवर ‘दुष्ट’ अशा अर्थाचं अक्षर मिरवणारा मारामाऱ्या करणारा पोरगा. लहानपणी तो सेकिहोताई या तुकडीत होता. ही तुकडी खरी आहे. १८६८ मध्ये नव्या सैन्याच्या पुढे जाऊन तिने खेड्यापाड्यांत शेतसारा निम्मा करू असं सांगितलं. पुढे ते वचन सरकारला परवडेना, तेव्हा हे आमचे नव्हेतच, तोतये आहेत असं जाहीर करून तिच्या प्रमुखाचं, सागारा सोझोचं, डोकं उडवलं. सानोसुकेचं आडनावही सागारा का, हे तिथे कळतं.

साइतो हाजिमेही खरा. शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या शिनसेनगुमी या तलवारबाजांच्या दलातला तुकडीप्रमुख, पुढे फुजिता गोरो या नावाने टोकियोच्या पोलिसात नोकरी केली, १९१५ पर्यंत जगला. म्हणजे हरलेल्या बाजूचा माणूस विजेत्यांच्या गणवेशात, तोंडात सिगारेट, आणि डाव्या हाताने तलवार खुपसायची ती सवय मात्र जुनीच. केन्शिनशी त्याची लढत दोनदा वाचली.

पण लेखकाने खरी कमाल केली आहे ती सातव्या खंडात. गृहमंत्री ओकुबो तोशिमिची केन्शिनला क्योतोला जायची गळ घालतो आणि विचार करायला आठवडा देतो. उत्तराचा दिवस १४ मे. जपानी वाचकाला तारीख बघूनच धस्स होत असणार, कारण १४ मे १८७८ ला ओकुबोची घोडागाडीत खरोखर हत्या झाली. इतिहासातले मारेकरी तिथे पोचतात खरे, पण क्षणभर आधीच एक हसरा पोरगा धावत्या गाडीत शिरून काम उरकून गेलेला असतो. इतिहासाची एक ओळ न खोडता तिच्या आत गोष्ट घुसवायची ती अशी.

आता माझ्या विषयाकडे येते. मर्दानी खेळात पवित्रा आधी, हत्यार नंतर. काका पहिला महिनाभर फक्त पाय टाकायला लावायचे. बहुतेक मारामारीच्या मालिकांत पाय दिसतच नाहीत. इथेही बराच वेळ तसंच चालतं, ओरडून डावाचं नाव सांगायचं आणि उडी मारायची. पण केन्शिनचा गुरू (कुंभारकाम करून पोट भरणारा, अत्यंत गर्विष्ठ आणि मला फार आवडलेला म्हातारा न दिसणारा म्हातारा) त्याला शेवटचा डाव शिकवतो, तो सगळा एका पावलावर उभा आहे. तलवार डाव्या कमरेला. म्यानातून खेचताना उजवा पाय पुढे लागतो, नाहीतर स्वतःचाच पाय कापून घ्याल. या डावात मात्र अगदी शेवटच्या क्षणी डावा पाय टाकायचा. मरायला तयार असलेल्याला ते पाऊल जमत नाही, ज्याला जगायचं आहे त्यालाच जमतं. स्वतःचा जीव कवडीमोल मानणारा केन्शिन तिथेच अडकतो. अख्ख्या माणसाचं दुखणं एका पवित्र्यात आणून ठेवलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. रात्री साडेअकराला उठून हॉलमध्ये झाडू कमरेला लावून ते पाऊल टाकून पाहिलं. धड जमलं नाही.

राग आला तो काओरूवरून. वडिलांच्या माघारी ही मुलगी एकटी कुस्तीच्या आखाड्यासारखा आपला तलवारीचा दोजो चालवते, आणि लेखक तिला वाट बघणं, रडणं आणि पळवून नेलं जाणं या कामांवर ठेवतो. क्योतोत एकदा तिला खरी लढत मिळते, तलवारीच्या मुठीने ती समोरच्याचा गुडघा फोडते, आणि मग पुन्हा स्वयंपाकघर. तेही तिला जमत नाही, केन्शिन करतो. धुणंही तोच धुतो. एवढी एक गंमत बरी.

जुनी अ‍ॅनिमे ९५ भागांची आहे. ६२ व्या भागापर्यंत बघा आणि उठा. पुढचं मांगात नाहीच, भर आहे, आणि तशीच दिसते. उलट मांगाचा शेवटचा मोठा भाग त्या मालिकेत आलाच नाही. १९९९ चे चार भाग वेगळेच: विनोद नाही, रंग मंद, रक्त खरं. ते आधी बघू नका, गालावरच्या व्रणाची गोष्ट तिथे फुटते. २०२३ पासूनची नवी मालिका मांगाला धरून आणि नीटनेटकी आहे, पण जुनीतली ऊब मला तिच्यात सापडली नाही.

केन्शिन स्वतःला ‘सेश्शा’ म्हणतो, म्हणजे जुन्या वळणाचं नम्र ‘मी’. इंग्रजी भाषांतरात त्याचं बऱ्याचदा नुसतं ‘मी’ होतं. मराठीत कुणी केलंच तर ‘हा पामर’ करावं, त्याच्या तोंडी शोभेल.

एक गोष्ट लपवत नाही. बाल अश्लील चित्रफिती बाळगल्याबद्दल लेखकाला २०१८ मध्ये २ लाख येनचा दंड झाला. भाचीला मी ते सांगितलं. तिला माहीत होतं, मलाच नव्हतं. नवे खंड त्यानंतर मी विकत घेतलेले नाहीत.

जुने आहेत ते भाचीचे, तीन-तीन खंड (शेवटच्यात चार) एकत्र बांधलेले ९ जाड ठोकळे. अक्षर बारीक, चष्मा लागतोच. ती आता परत मागते आहे. पहिले दोन नेऊन दिले. सातवा खंड तिसऱ्या ठोकळ्यात आहे, तो अजून सापडत नाही असं तिला सांगितलंय.