आर्डुइनो आयडीई 2, लिनक्सवर: एडिटर झकास, फायलींचा पसारा मात्र घरभर

सातपूरला आमचा शनिवार-रविवारचा इलेक्ट्रॉनिक्सचा क्लास चालतो. जुने पीसी, त्यांवर लिनक्स मिंट आणि छोट्या एसएसडी. मुलं बरीचशी दिंडोरी-निफाडकडची, म्हणून प्रोजेक्टही तसेच: बागेतल्या मातीचा ओलावा, कांदा चाळीतली आर्द्रता.

आर्डुइनोच्या छोट्या सर्किट बोर्डांसाठी प्रोग्रॅम लिहून त्यांवर चढवायला आम्ही आर्डुइनो आयडीई 2 वापरतो. तिच्या एडिटरबद्दल तक्रार नाही. कोड आपोआप पुरा होतो, चूक जागच्या जागी दिसते, सिरीयल प्लॉटर या आलेखाच्या खिडकीत डीएचटी22 या तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरचा आलेख बघताना पोरं खूश असतात. माझं भांडण आहे ते हा गडी आपलं सामान कुठे टाकतो त्यावर.

स्केचेस, म्हणजे मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम, होम फोल्डरमधल्या ‘आर्डुइनो’ नावाच्या फोल्डरात जातात. हे मला पटतं. मुलाचं स्वतःचं काम समोर दिसलं पाहिजे. पण त्याच फोल्डरात ‘लायब्ररीज’ म्हणून आणखी एक फोल्डर असतो आणि उतरवलेली प्रत्येक लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) तिथे येऊन बसते. ‘कांदा_चाळ’ हे पोराचं स्केच म्हणजे एक फोल्डर आणि आत त्याच नावाची एक फाईल, दोन-चार केबी. तेवढंच पेनड्राइव्हवर न्यायचं असतं. पोरगं मात्र अख्खा ‘आर्डुइनो’ फोल्डर उचलतं, आणि मग लायब्ररींतल्या उदाहरणांच्या शेकडो बारक्या फायली कॉपी होत राहतात. बस सुटायची वेळ झाली तरी पट्टी आपली सरकतेय.

प्रत्येक प्रकारच्या बोर्डासाठी उतरवावं लागणारं सामान डॉट-आर्डुइनो15 या लपलेल्या फोल्डरात (लिनक्सवर नावाआधी डॉट असला की फोल्डर लपतो). ईएसपी32 या बोर्डाचं सामान टाकलंत की तिथे काही जीबी गेलेच. डिस्क भरली की मुलं ‘डाउनलोड्स’ साफ करत बसतात, कारण कंट्रोल-एच दाबल्याशिवाय हा फोल्डर दिसतच नाही. सेटिंग्ज तिसरीकडे, डॉट-आर्डुइनोआयडीईमध्ये. आणि थोडं काही डॉट-कॉन्फिगमध्येही.

कुठलं सामान कुठे ठेवायचं याचे नियम 2003 पासून लिहिलेले आहेत, लिनक्स डेस्कटॉपसाठी सामाईक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाचे. सेटिंग्ज डॉट-कॉन्फिगमध्ये, प्रोग्रॅमचा डेटा डॉट-लोकलच्या शेअरमध्ये, पुन्हा बनवता येईल ते डॉट-कॅशमध्ये. 2021 मध्ये लॉग आणि हिस्टरीसाठी डॉट-लोकलमध्येच ‘स्टेट’ची भर पडली. आयडीई 2 स्थिर झाली 2022 मध्ये, म्हणजे नियम नवे होते असं म्हणायला जागा नाही. डॉट-आर्डुइनो15 तसाच ठेवला म्हणून जुन्या 1.8 आवृत्तीमधले बोर्ड नव्यातही चालतात, हे मान्य. पण सेटिंग्जचा फोल्डर तर नवा कोराच होता, तो तरी जागेवर ठेवायचा! आमच्याकडे पायथन शिकवायला थॉनी हा एडिटर आहे, ते गुमान डॉट-कॉन्फिगमध्ये बसतं.

स्केचबुकची जागा प्रेफरन्सेसमधून बदलते, पण लायब्ररीजही सोबत तिकडेच जातात. बोर्डांची जागा बदलायला मेनूच नाही. डॉट-आर्डुइनोआयडीईमधली यामल फाईल (सेटिंग्जची साधी मजकूर फाईल) उघडून ‘डिरेक्टरीज’खालचा ‘डेटा’चा पाथ हाताने लिहावा लागतो. मी तो दुसऱ्या पार्टिशनवर नेलाय, ठीक चालतंय.

पाचपैकी साडेतीन. घरी एकच लॅपटॉप असेल तर बिनधास्त टाका, यातलं काही जाणवणारही नाही. लॅबमध्ये टाकणार असाल तर मुलं बसायच्या आधी तो पाथ बदला, आणि बॅकअप घेताना ‘लायब्ररीज’ वगळा.