टॅलीच्या डेट्यासाठी सिक्युरिटी : काय घेतलं, काय परत पाठवलं

आपलं परभणीला नव्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्र आहे. खत, बियाणं, औषधं, तीन कॉम्प्युटर, खताचं एक पॉस मशीन आणि सगळा हिशोब टॅलीवर. हे आधीच सांगतो कारण पुढचं सगळं एवढ्याशा दुकानापुरतं आहे, तुमची जालन्याला स्टीलची मिल असेल तर तुमचं गणित वेगळं.

दोन वर्षांमागं ऐन मृगात, रात्री पाऊस पडलेला, सकाळी सातलाच दुकानापुढं गर्दी आणि टॅली उघडली तर त्यात आपली कंपनीच, म्हणजे दुकानाचं सगळं खातंच, दिसेना. फोल्डर बघितलं तर सगळ्या फायलींच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं आणि एक नोटपॅडची फाइल, पैसे टाका मग फायली सोडतो. बॅकअप नव्हता असं नाही, रोज घेत होतो, पण ती हार्ड डिस्क चोवीस तास त्याच कॉम्प्युटरला टोचलेली, मग तीपण गेली. युरोपोल, म्हणजे युरोपची पोलीस संस्था, आणि डच पोलिसांनी २०१६ ला नो मोअर रॅन्सम म्हणून एक साइट काढलीये, असा फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस म्हणजे रॅन्समवेअर, त्यातल्या काहींच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात, आमच्या शेपटाची नव्हती. पैसे दिले नाहीत. मार्चपर्यंतचा डेटा सीएकडं सापडला, एप्रिलपासूनचा बिलबुकावरनं परत मारत बसलो. उधारी दिवाळीला सोयाबीनच्या पैशावर यायची, खतावणीच नाही म्हणल्यावर मागायचं कोणाला? एक म्हातारबा स्वतःहून येऊन म्हणाले, शेठ माझ्याकडं तुमचे चार हजार दोनशे हायेत, लिहून घ्या. सगळे तसे नसतात.

घुसले कुठून तर रिमोट डेस्कटॉपमधून, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायची विंडोजची सोय. घरून टॅली दिसावी म्हणून एका कॉम्प्युटरवाल्याने राउटरवर त्याचा ३३८९ चा पोर्ट, म्हणजे आत यायचं दारच, सरळ जगाला उघडून ठेवलेला, पासवर्ड दुकानाचं नाव आणि पुढं १२३, आणि अँटिव्हायरसची मुदत संपून चार महिने झालेले. त्यात चूक माझीपण आहे, पासवर्ड मीच सांगितला होता.

मग खरेदी सुरू झाली. आधी एक परदेशी अँटिव्हायरस ट्रायलवर घेतला, नाव घेत नाही, त्याने काउंटरचा जुना कॉम्प्युटर इतका दमवला की बिल प्रिंट व्हायला लागायचं तेवढ्यात गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. महिना संपायच्या आत काढला. लोकांनी क्विक हील सांगितलं, पुण्याची कंपनी, धंद्यासाठी त्यांचंच सेक्राइट येतं, त्यात एका जागेवरून सगळे कॉम्प्युटर दिसतात. दहा-वीस मशीन असतील तर ते घ्याच. आमच्याकडं तीन आहेत आणि तिन्ही मला खुर्चीतून दिसतात.

शेवटी विंडोजचं फुकटातलं डिफेंडरच ठेवलं, आणि त्याचं एक कारण आहे जे मला कोणत्याच विक्रेत्याने सांगितलं नाही. डिफेंडरमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस म्हणून एक सोय असते, आपण सांगू त्या फोल्डरात अनोळखी प्रोग्रामला लिहूच देत नाही, म्हणजे रॅन्समवेअरचे हातच बांधले. पण ती मुळात बंद असते, आणि बाहेरचा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर बाजूला होतं, मग ही सोयपण चालत नाही. मी चालू केली, टॅलीच्या डेट्याचं फोल्डर त्यात टाकलं आणि टॅलीलाच परवानगी द्यायला विसरलो, तर व्हाउचर सेव्ह होईना, अर्धा तास मी टॅलीलाच शिव्या देत होतो. परवानगी दिली तेव्हापासून त्रास नाही.

संभाजीनगरहून एकजण फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेटवरून येणारं-जाणारं अडवायचा, डबा घेऊन आला होता. चाळीस हजाराच्या वर, वर दरसाल सबस्क्रिप्शन. दिवे लई भारी लागत होते त्याचे. मी विचारलं, बाबा तो उघडा पोर्ट मी कधीच बंद केलाय, आता हा डबा नेमकं काय अडवणार, तर तो परत पहिल्या स्लाइडवर गेला. चहा पाजून पाठवला. घरून आकडे बघायला टॅलीप्राइमचे रिपोर्ट ब्राउझरमध्ये दिसतात तेवढं बास होतं, एंट्री काय रात्री अंथरुणात बसून करायचीय थोडीच.

टॅलीच्या आतलंच बरंच काही आम्ही कधी वापरलं नव्हतं. काउंटरवरचं पोरगं, मुनीम, मी, सगळे एकाच ॲडमिनवर. आता प्रत्येकाचं वेगळं युजर, पोराला फक्त एंट्री, जुनं बिल खोडता येत नाही. एडिट लॉगपण चालू केला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असा बदलांचा माग ठेवणारंच सॉफ्टवेअर लागतं, आपलं प्रोप्रायटरचं दुकान, सक्ती नाही, पण चालू केल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन बिलांतला डिस्काउंट मागाहून बदललेला सापडला. पोरावर डाफरायला गेलो तर बदलणारा युजर माझाच निघाला, मेव्हण्याला दिलेली सूट. टॅली व्हॉल्टपण लावलं, त्याने डेटा एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येत नाही, फक्त तो पासवर्ड विसरलात तर परत मिळत नाही, म्हणून कागदावर लिहून बायकोच्या दागिन्यांसोबत लॉकरात. एक लक्षात ठेवा, व्हॉल्टने चोराला वाचता येत नाही एवढंच, रॅन्समवेअर त्या फायलीलापण वरून कुलूप लावू शकतो.

पैसा वसूल म्हणाल तर दोन साध्या हार्ड डिस्क. एक आज, एक उद्या, बॅकअप झाला की लगेच काढायची आणि घरी न्यायची. गुगल ड्राइव्हवरपण एक कॉपी जाते, पण नुसत्या सिंकवर भरवसा ठेवू नका, फाइल खराब झाली की खराबच वर चढते, जुनी कॉपी साधारण ३० दिवस मिळते तेवढ्यात लक्षात आलं पाहिजे. महिन्यातून एकदा पुतण्याच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून बघतो. पहिल्यांदा केलं तर बॅकअप भलत्याच फोल्डरचा निघाला, मागच्या वर्षीच्या कंपनीचा, तीन आठवडे इमानदारीने तोच घेत होतो.

राहिलं एकच, काउंटरचा कॉम्प्युटर अजून विंडोज १० वर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि मशीन इतकं जुनं की ११ घेत नाही. तूर्त त्याचं इंटरनेट काढलंय, बिलापुरता चालतो. नवीन घ्यायचाच आहे, सोयाबीनची उधारी आली की.